बागेची माती, छतावरचं ऊन

सार्वजनिक बागेत सौर पॅनेल आणि हरित इमारती आणाव्यात का, या प्रश्नावर आमच्या घरात दोन ठाम मतं आहेत. एक माझ्या थोरल्या भावाचं. दादा काचीगुड्याला राहतो. उभं आयुष्य त्याने कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. दुसरं माझ्या मुलीचं. ती कोंडापूरला असते आणि इमारतींच्या छतांवर बसवायच्या सौर प्रकल्पांचे आराखडे करते. नामपल्लीच्या बाग-ए-आममध्ये, म्हणजे आजच्या पब्लिक गार्डन्समध्ये, फिरताना त्यांचं जे बोलणं झालं ते इथे मांडते आहे. मधेमधे मीही बोलले आहे, कारण या वादात मला गप्प बसवत नाही. हैदराबादचा हा प्रश्न उद्या नांदेडच्या, पुण्याच्या, नागपूरच्या बागांपुढे येणारच आहे.

भाची: मामा, बाह्य वर्तुळाकार रस्त्यालगतचा तो सायकल ट्रॅक तुम्हाला फारसा आवडत नाही, ठाऊक आहे मला. तरी हिशेब ऐका. तेवीस किलोमीटर लांब, साडेचार मीटर रुंद, आणि वर सौर पॅनेलचं छप्पर. एक भाग नानकरामगुड्याहून पोलीस अकादमीपर्यंत, दुसरा नार्सिंगीहून कोल्लूरपर्यंत. १ ऑक्टोबर २०२३ ला त्याचं उद्घाटन झालं. छपराची क्षमता १६ मेगावॉट. आपल्या उन्हात एक किलोवॉट पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देतं. म्हणजे रोज चौसष्ट हजार युनिट. एका घराला दिवसाला आठ युनिट धरली तर आठ हजार घरांची वीज झाली, आणि खाली सायकल चालवणाऱ्याला सावली मिळाली ती वेगळीच.

मामा: त्या ट्रॅकला मी वाईट म्हणत नाही. महामार्गाच्या कडेची जमीन ती, आधीच भराव घातलेली, आधीच तापलेली. तिथे छप्पर आलं तर काय बिघडलं? माझी भीती पुढची आहे. तिथे जमलं की कुणीतरी म्हणतं, आता बागेतल्या चालायच्या वाटेवरही घालू. तिथे मात्र मी आडवा येणार.

भाची: का? चालणाऱ्याला तरी सावलीच हवी असते ना?

मामा: हवी असते. पण पत्र्याची सावली ऊन अडवते आणि तेवढ्यावर तिचं काम संपतं. झाडाची सावली हवा गार करते. पानांतून पाण्याची वाफ होते आणि ती वाफ होताना आसपासची उष्णता ओढून घेते. तुझं पॅनेल काय करतं, तूच सांग.

भाची: अंगावर पडलेल्या उन्हातला साधारण पाचवा हिस्सा विजेत बदलतं. थोडं ऊन परत जातं, उरलेल्याची उष्णता होते. मे महिन्यात दुपारी पॅनेल साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापतं. आणि तापलं की वीजही कमी देतं. पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट. पासष्टला गेलं की चौदा टक्के वीज गेली.

मामा: आणि त्या पासष्ट अंशांच्या पत्र्याखालून म्हातारी माणसं चालणार.

भाची: छप्पर उंच असेल, वारा खेळता असेल तर खाली एवढी झळ लागत नाही. पण झाडाची बरोबरी होत नाही, हे मला मान्य आहे. तुमच्या बाजूचा हिशेब मीच करून देते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६८ युनिट उष्णता लागते. एखाद्या मोठ्या झाडाने दिवसभरात दोनशे लिटर पाणी हवेत सोडलं असं धरा. एकशे पस्तीस युनिट उष्णता त्याने शोषली. दीड टनाचा एसी अख्खा दिवस, अख्खी रात्र चालवला तरी जेमतेम एवढं काम करेल, आणि खोलीतली उष्णता रस्त्यावर ओकेल ती वर.

मामा: झालं तर मग. भांडण कशाला?

भाची: कारण ते दोनशे लिटर पाणी कुठून येतं, ते तुम्ही विचारत नाही. उन्हाळ्यात इथल्या बागा बोअरवेलवर जगतात, टँकरवर जगतात, नाहीतर सांडपाणी शुद्ध करून आणलेल्या पाण्यावर. प्रत्येक ठिकाणी पंप आहे, आणि पंपाला वीज लागते.

मामा: चिंच, कडुनिंब, वड, करंज. पहिली तीनेक वर्षं पाणी घाल, मग ती आपलं आपण बघतात. दख्खनचीच झाडं ती, खडकाच्या फटीतून ओल शोधून काढतात. पाणी पितं ते तुमचं लॉन.

भाची: लॉन माझं नाही! पण आकडा सांगते. उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवायची तर चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर पाणी लागतं. एका एकराला वीस हजार लिटर, म्हणजे दहा हजारवाले दोन टँकर. पाचशे फुटांवरून ते उपसायचं तर पंपाला वीसेक युनिट वीज. एवढं करून त्या हिरवळीवर ‘पाय ठेवू नका’ अशी पाटी.

मामा: मग आधी ते लॉन काढा. ते काढलं की जेवढी वीज वाचेल ती तुझ्या पॅनेलने बनवलेल्या विजेपेक्षा कमी मोलाची नाही.

लॉनच्या बाबतीत दोघांचं एकमत व्हायला दोन मिनिटंही लागली नाहीत. माझंही तेच मत आहे. बागेतली ऊर्जा वाचवायची पहिली पायरी पॅनेल विकत घेणं ही नाही, तहानलेली हिरवळ कमी करून तिच्या जागी देशी झाडं-झुडपं लावणं ही आहे. पण ते केल्यावर त्याचा फोटो काढायला कुणी येत नाही. म्हणून ते मागे पडतं.

मामा: आता मी विचारतो. बागेची स्वतःची गरज किती?

भाची: मध्यम बाग घ्या. चाळीस वॉटचे साठ एलईडी दिवे, रात्री अकरा तास. सव्वीस युनिट. पाच हॉर्सपॉवरचा पंप चार तास. पंधरा युनिट. एकूण चाळीस-एकेचाळीस. म्हणजे दहा किलोवॉट पॅनेल पुरे. त्याला जागा लागते शंभर चौरस मीटर.

मामा: म्हणजे बागेतलं ऑफिस, स्वच्छतागृह, पंपघर आणि तिकीटघर यांच्या छतांवरच ती बसतील. मातीला हात लावायची गरज नाही.

भाची: बागेपुरतं बोलायचं तर नाही. पण मामा, बागेने फक्त स्वतःपुरतं का बघायचं? तुम्ही ज्या दिव्याखाली संध्याकाळी बसता त्याची वीज कुठून येते? मंचिर्याल जिल्ह्यातल्या जयपूरचं सिंगरेणीचं केंद्र बाराशे मेगावॉटचं आहे. कोत्तागुडेम आहे, रामगुंडम आहे. कोळसा सिंगरेणीच्या खुल्या खाणींतून येतो. आधी जंगल जातं, मग माती जाते, मग शेकडो फूट खोल खड्डा उरतो. तिथून प्राणहिता ओलांडली की सिरोंचा, आपली गडचिरोली. वर चंद्रपूर, तिथली हवा तुम्ही पाहिली आहे. तुमच्या बागेतली माती शाबूत राहावी म्हणून त्यांची माती खणायची का? बागेत एक पॅनेल नको म्हणताना तुम्ही त्या माणसांच्या वाट्याला काय टाकता, याचा विचार व्हायला हवा.

दादा यावर बराच वेळ काही बोलला नाही. या प्रश्नाला सहजासहजी उत्तर नाहीच. शहरातला निसर्गप्रेमी माणूस आपल्या दारातल्या झाडासाठी पोटतिडकीने भांडतो. दूरच्या ज्या जंगलाच्या जिवावर त्याचा पंखा फिरतो ते त्याच्या भांडणात येत नाही. मुलीने ते आणलं, याचा मला अभिमान वाटला.

मामा: तू म्हणतेस ते खरं आहे. खाणीचा खड्डा माझ्याही हिशेबात असायला हवा. पण त्यासाठी बागच का? रामगुंडमच्या जलाशयावर एनटीपीसीने शंभर मेगावॉटचं तरंगतं सौर केंद्र केलं, २०२२ च्या जुलैत ते पूर्ण चालू झालं. पाचशे एकर पाण्यावर पसरलंय. झाड तुटलं नाही आणि पाण्याची वाफही कमी होते. गोदामांची छतं आहेत, मेट्रोची स्टेशनं आहेत, हायटेक सिटीतल्या काचेच्या इमारती आहेत, शाळा आहेत. एवढी छतं रिकामी असताना बागेकडे नजर जाते, कारण बागेची जमीन सरकारी असते आणि तिथे भांडायला मालक नसतो.

भाची: बागेत लोक येतात म्हणूनही नजर जाते. छतावरचं पॅनेल कुणाला दिसत नाही. बागेत मुलं बघतात, विचारतात. दुर्गापूरच्या सीएमईआरआय संस्थेने २०२० साली साडेअकरा किलोवॉटचा सौरवृक्ष उभा केला, एका खांबावर फांद्यांसारखी पॅनेलं. खाली जागा फार कमी लागते. असा एक बागेच्या दारात असला तर शंभर पुस्तकांचं काम करील.

मामा: दारात, पार्किंगच्या जागी, जरूर असू दे. आत मात्र मुलांनी खरं झाड बघावं. आता इकडे बघ. आपण उभे आहोत ती बाग १८४६ सालची. तो समोरचा पांढराशुभ्र घुमटांचा वाडा टाऊन हॉल म्हणून बांधला, १९१३ ला पुरा झाला. नंतर तिथे विधानसभा आली. १९३० साली संग्रहालय आलं. निजामाच्या कारकीर्दीच्या रौप्यमहोत्सवाचा जुबिली हॉल. पुढे बालभवन, ललितकला तोरणम, प्रेक्षागृह, तेलुगू विद्यापीठ. यातली एकही गोष्ट वाईट नाही. कुणी इथे दारूचा गुत्ता काढला नाही की मॉल बांधला नाही. ज्ञान, कला, लोकशाही, मुलं. प्रत्येक वेळी हेतू इतका चांगला होता की नाही म्हणणारा माणूस कद्रू ठरला असता. आणि दर वेळी बाग थोडी आटली. बागा लुटारूंनी संपवल्या तर निदान आरडाओरडा होतो. इथे मात्र भल्या कामांनी बाग खाल्ली. हरित ऊर्जा आणि हरित इमारत ही त्या रांगेतली पुढची भली कामं आहेत.

दादाचं हे म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. कांचा गच्चीबावलीच्या चारशे एकरांवर २०२५ च्या मार्चअखेर बुलडोझर चालले, तेव्हा शेजारच्या केंद्रीय विद्यापीठातली पोरं उभी राहिली आणि एप्रिलच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. केबीआर राष्ट्रीय उद्यानाभोवतालची झाडं उड्डाणपुलांसाठी जाणार असं २०१६ साली कळलं, तेव्हाही सकाळी फिरायला येणारी माणसं हातात फलक घेऊन आली, प्रकरण हरित लवादात गेलं. समोर यंत्र दिसलं की माणूस उभा राहतो. पण एखाद्या छोट्या बागेत ‘पर्यावरण शिक्षण केंद्र’ म्हणून काँक्रीट ओतलं जातं, तेव्हा कुणी फलक धरत नाही.

भाची: मग हरित इमारतच चुकीची म्हणायची का? हायटेक सिटीजवळचं सीआयआयचं सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर तुम्हीच मला लहानपणी दाखवायला नेलं होतं. अमेरिकेबाहेर हरित इमारतींचं लीड प्लॅटिनम मानांकन मिळवणारी ती पहिली इमारत, २००३ साली. पुढच्या जुलैत राष्ट्रपती अब्दुल कलामांनी उद्घाटन केलं. करण ग्रोव्हरांनी भिंतींना जाळ्या दिल्या, हवा थंड करून आत घेणारे वाऱ्याचे मनोरे दिले, छतावर बाग केली. सांडपाणी वनस्पतींच्या मुळांमधून गाळून बागेला घालतात. कुठे चुकलं?

मामा: कुठेच नाही. ती जाळी बघून मला कुतुबशाही मकबरे आठवले होते. चारशे वर्षांपूर्वी या उन्हाचा अभ्यास करून बांधणारे लोक इथे होते. पण त्या इमारतीला गरज होती. कचेरी लागणारच होती, ती चांगली बांधली. बागेत कसली गरज आहे? बागेत येणाऱ्याला पाणी हवं, स्वच्छतागृह हवं, बसायला बाक हवा, पावसात आडोसा हवा. यापुढचं सगळं कुणाच्या तरी योजनेची गरज आहे.

भाची: स्वच्छतागृह तरी हवं ना? मग तेच हरित करा. बहुतेक बागांतली स्वच्छतागृहं म्हणजे अंधारे, कोंदट डबे. बाया आत जायला धजत नाहीत. तिथे वरून उजेड येईल, जाळीतून वारा येईल, छत पांढरं असेल, त्यावर पॅनेल असेल आणि सांडपाणी मागच्या कर्दळीच्या वाफ्यातून गाळलं जाईल. एवढं केलं तरी ते खरं हरित बांधकाम. त्याला प्लॅटिनम मिळणार नाही, पण बाई अर्धा तास जास्त बागेत थांबेल.

मामा: हौ, हे मला पटलं. कर्दळीचा वाफा तर मी स्वतः लावून देतो. मुळांशी जे जिवाणू वाढतात तेच खरं काम करतात, झाड नुसतं त्यांना घर देतं.

भाची: आणि नवीन बांधू नका म्हणता ते मलाही व्यवसायातून ठाऊक आहे. सिमेंटसाठी एक टन क्लिंकर भाजताना सुमारे आठशे-साडेआठशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातला अर्ध्याहून जास्त चुनखडीतूनच निघतो, म्हणजे भट्टी सौर विजेवर चालवली तरी तो वाचत नाही. उभी इमारत दुरुस्त केली तर हा सगळा हिशेब टळतो. तेलंगणाने २०२३ साली शीतछत धोरण आणलं. सरकारी आणि व्यापारी इमारतींना, आणि सहाशे चौरस यार्डांच्या वरच्या घरांना, नवं बांधताना उन्हाला परतवणारं छत सक्तीचं. पाच वर्षांत तीनशे चौरस किलोमीटर छतं अशी करायचं लक्ष्य आहे. बागेतल्या जुन्या इमारतींपासून सुरुवात करता येईल. चुन्याचा, नाहीतर तसल्या रंगाचा एक हात. एका मोसमात काम होतं.

मामा: ते करा. माझ्या मनात दुसरंच खुपतंय. हे पेव्हर ब्लॉक बघ. झाडाच्या बुंध्याला भिडवून बसवलेत. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत झाडाभोवतीचं मीटरभर काँक्रीट काढायला सांगितलं होतं. इथे वाटेलाही सिमेंट, कट्ट्यालाही सिमेंट, बुंध्यालाही सिमेंट. एका एकरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की चार लाख लिटर पाणी होतं. माती उघडी असेल तर त्यातलं बरंच मुरतं. सिमेंटवरून ते नाल्यात जातं आणि नाल्यातून कुणाच्या तरी घरात. ऑक्टोबर २०२० च्या पुरात या शहरात काय झालं ते तू पाहिलंस. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या पुरात अफझलगंजच्या चिंचेवर चढून दीडशे माणसं वाचली, असं आपल्याकडे सांगतात. ती चिंच उस्मानिया दवाखान्याच्या आवारात अजून आहे. त्या पुरानंतर विश्वेश्वरय्या आले, उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव झाले. माणसाला पाण्याची भीती होती तोवर माती मोकळी ठेवायचं शहाणपण होतं.

भाची: म्हणजे तुमची मोजपट्टी माती आहे.

मामा: माती आहे. कुठलंही हरित काम बागेत आणलंस तर मी एकच विचारीन. ते आल्यावर उघडी माती वाढली की कमी झाली? पेव्हर उखडून दहा झाडांची आळी मोकळी केलीस आणि त्या बदल्यात दारातल्या पार्किंगवर छप्पर घातलंस, तर मी तुझ्या बाजूने सही करतो.

पालापाचोळ्यावरूनही त्यांची थोडी चकमक झाली. बोयनपल्लीच्या भाजी मंडईत रोज दहा टन कचऱ्यातून सुमारे पाचशे युनिट वीज आणि तीस किलो इंधन तयार होतं. इथल्याच आयआयसीटी संस्थेचं तंत्रज्ञान आहे. बागेच्या पाचोळ्याचंही तसंच करावं, असं मुलीचं म्हणणं. दादा म्हणाला, मंडईतली भाजी ओली, मऊ, लवकर कुजणारी. कोरडं पान लिग्निनने कडक झालेलं असतं, गॅसच्या टाकीत ते नुसतं पडून राहतं. आणि मुख्य म्हणजे ते झाडाचंच अन्न आहे. जिथे पडलं तिथेच राहू द्यावं, फार तर कोपऱ्यात ढीग लावून खत करावं. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत बागांमधून जो धूर निघतो तो बंद व्हायला हवा, एवढ्यावर दोघं थांबली. मला वाटतं दादा इथे बरोबर होता. जिथे काही न करणं हेच उत्तम काम असतं तिथे यंत्र घुसवू नये.

भाची: दिव्यांबद्दलही तुम्ही काही म्हणत होता.

मामा: सौर दिवे स्वस्त झाले, वीजबिल येत नाही, म्हणून लोक दर दहा पावलांवर दिवा लावतात. वीज फुकट झाली की अंधार संपतो. पाखरं झोपत नाहीत, पतंग दिव्याभोवती फिरून मरतात, वटवाघळं बाग सोडून जातात. केबीआरमध्ये मोर आहेत, तिथे आतल्या भागात अंधारच हवा.

भाची: पण संध्याकाळी सात वाजता अंधाऱ्या वाटेवरून मला चालायचं असतं, मामा. मोराचा विचार करताना माझाही करा.

मामा: करतो. वाटेवर दिवा हवा. खाली वळलेला, पिवळसर उजेडाचा, आणि फाटक बंद झाल्यावर विझणारा. झाडांच्या अंगावर हिरवे-जांभळे झोत मारायचे नाहीत.

भाची: ते तर मीही काढून टाकीन.

एवढ्यात आम्ही पार्किंगपाशी आलो होतो. दुपारच्या उन्हात गाड्या भाजत होत्या. मुलीने छपराची जागा पावलांनी मोजली आणि बोलू लागली. खरा पेच तिथे निघाला.

भाची: एवढ्या जागेवर पंधरा-वीस किलोवॉट सहज बसतील. खाली गाड्यांना सावली, वर वीज. अडचण एकच. दक्षिणेला ही दोन शिरीषाची झाडं आहेत. आणखी काही वर्षांत त्यांचा डेरा इथवर येईल. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर जरी सावली पडली तरी त्या माळेतल्या सगळ्या पॅनेलांची वीज घसरते.

मामा: मग काय करणार?

भाची: सहसा... फांद्या छाटतात.

मामा: कोण ठरवतं?

भाची: करार. बऱ्याच ठिकाणी महापालिका किंवा संस्था स्वतः पॅनेल विकत घेत नाही. कंपनी आपल्या पैशाने लावते आणि पंचवीस वर्षं ठरलेल्या दराने वीज विकते. त्या करारात एक कलम असतं. छताची जागा सावलीमुक्त ठेवायची जबाबदारी जागेच्या मालकाची. सावली आली आणि वीज कमी झाली, तर भरपाई मालकाने द्यायची.

मामा: म्हणजे बागेचा मालक पंचवीस वर्षांसाठी लिहून देतो की बागेत सावली वाढणार नाही.

भाची: ...कागदावर, हो. इमारतींसाठी लिहिलेलं कलम आहे ते. शेजारी कुणी मजला चढवू नये म्हणून. बागेसाठी वेगळा मसुदा कुणी करत नाही, तोच उचलून लावतात.

मामा: अगं, बागेचं सगळं कामच सावली वाढवणं आहे! तिथे सावली हा करारभंग?

हे ऐकून मी थबकलेच. उड्डाणपूल दिसतो, बुलडोझर दिसतो. हे कलम कुणाला दिसत नाही. कुणा वाईट माणसाने ते लिहिलेलं नाही; छतासाठी ते योग्यच आहे. पण तेच बागेत आलं की झाड आणि पॅनेल एकमेकांच्या विरोधात उभे केले जातात, आणि दर वर्षी करवतीच्या बाजूने निकाल लागतो, कारण करवत चालवायला मजुरी लागते आणि न चालवायला दंड. ज्या नगरसेवकाला, ज्या बागप्रेमी मंडळाला, ज्या वॉकर्स क्लबला आपल्या बागेत सौर प्रकल्प येणार असं कळेल, त्यांनी पॅनेलच्या रंगाची, खांबांच्या नक्षीची चौकशी नंतर करावी. आधी करार मागावा आणि हे कलम शोधावं.

भाची: बागेत हा करार नकोच, मामा. बागेने पॅनेल स्वतः विकत घ्यावीत. दहा-पंधरा किलोवॉटचा खर्च महापालिकेला जड नाही. स्वतःची असली की काढता येतात, हलवता येतात. चार नटबोल्ट असतात. आणि मोठ्या इन्व्हर्टरऐवजी प्रत्येक पॅनेलला छोटा इन्व्हर्टर लावला तर एकावर सावली पडल्याने बाकीची झोपत नाहीत. थोडं महाग पडतं, पण झाडाशेजारी तेच बरोबर.

मामा: आणि पंधरा वर्षांनी शिरीषाने छप्पर झाकलं, तर?

भाची: तर पॅनेल उचलायची आणि समोरच्या प्रेक्षागृहाच्या छतावर न्यायची.

मामा: हे तू तोंडी म्हणतेस. पंधरा वर्षांनी तू इथे नसशील, तुझा साहेब नसेल, अधिकारी तर चार वेळा बदललेला असेल. कागदावर काय राहील?

भाची: आराखड्यातच लिहीन. झाडांचा आजचा घेर आणि वाढल्यावरचा घेर नकाशावर दाखवायचा, जसे पाण्याचे पाइप दाखवतो तसे. आणि एक ओळ: सावली आल्यास पॅनेल हलवावीत, फांदी तोडू नये.

मामा: ती ओळ आत्ता लिही. माझ्या देखत.

तिने मोबाइल काढला आणि तिथेच उभी राहून लिहायला लागली. सायकल ट्रॅकबद्दल मात्र दोघांचं अजून जुळलेलं नाही. दादाच्या मते तेवीस किलोमीटर दुतर्फा कडुनिंब लावले असते तर दहा वर्षांत त्याहून चांगली सावली झाली असती. मुलीच्या मते कडुनिंबाने आठ हजार घरांचे दिवे लागले नसते.